पंजाबरावांचा कान

"पंजाबराव, पेटीवर हात ठेवून काय पाहून राह्यले? ताप आला काय तिले?"

भागवतच्या या बोलण्यावर सोफ्यावर बसलेला त्याचा साळा पवन खो खो हसला. पंजाबराव हसले नाहीत. त्यांची या दोघांकडे पाठ होती. डावा तळवा स्पीकरच्या नव्या पेटीच्या जाळीवर टेकवून ते डोळे मिटून उभे होते. मग वळले, दोघांचे चेहरे हसरे दिसले तसे तेही हसले आणि म्हणाले, "ही बराबर आहे. आता मागच्या दोन पाहतो."

कामरगावात भागवतचे बी-बियाण्यांचे दुकान चांगले चालते. घर बांधले तेव्हा त्याने हॉल एवढा मोठा काढला, की टीव्हीही तसाच घ्यावा लागला. टीव्हीमागून पाच पेट्यांचा होम थिएटर आला आणि आता गेमचे मशीन. घरातले लेकरू अजून रांगत होते, तेव्हा खेळणे बापाचेच होते हे उघड आहे. सगळा माल कारंज्याच्या मोहनसिंगच्या दुकानातला आणि तो जोडायला आलेले पंजाबराव त्याच दुकानाचे फिटर.

पंजाबरावांचे आधी स्वतःचे साउंड होते. लग्न असो, गणपती असो, भीमजयंतीची मिरवणूक असो, पेट्या त्यांच्याच. रस्त्याने जाता जाता नुसते ऐकून, कोणाच्या पेटीचा पडदा फाटलाय हे सांगायचे. "पेटी कोणाचीही घ्या, कान पंजाबरावांचा पाहिजे" असे कारंज्यात लोक म्हणत. पुढे डीजेवाले आले, मोठमोठ्या गाड्या आल्या, पंजाबरावांच्या पेट्या विकल्या गेल्या. पण कान होता म्हणून मोहनसिंगने बोलावून कामावर घेतले.

आणि तोच कान गेला. ज्या पेट्यांनी पोट भरले, त्यांनीच तो खाल्ला. आधी पाखरांचे आवाज गेले, मग कुकरची शिटी, मग बायकोचे, वच्छलाबाईंचे बोलणे. अकोल्याच्या डॉक्टरने मशीन लावायला सांगितले होते.

"घ्या ना ते मशीन," वच्छलाबाई समोर बसून, तोंड दिसेल असे बोलल्या होत्या. "असं किती दिवस लपते?"

"अवं, चष्मा लावलेला डोळ्याचा डॉक्टर चालते लोकायले. कानात मशीन घातलेला साउंडवाला कोणाले चालते?"

तेव्हापासून पंजाबराव ओठ वाचू लागले आणि पेटी तळव्याने ऐकू लागले. तळवा खोटे बोलत नाही. पेटी फाटकी बोलते की साफ, हे त्यांना हाताला कळे. मोहनसिंगला याचा पत्ता नव्हता, आणि तो लागू नये एवढेच पंजाबरावांचे देवाकडे नाही तर निदान नशिबाकडे मागणे होते. फिटिंगचे काम गेले तर त्यांच्याजवळ त्यांचे म्हणावे असे काहीच उरणार नव्हते.

त्या दिवशी काम जरा अडले होते. गेमच्या मशीनची वायर टीव्हीला लावली, टीव्हीची पेट्यांच्या अँप्लिफायरला, म्हणजे अँपला लावली, तरी पेट्या तळव्याला मुक्याच लागत होत्या; आवाज टीव्हीच्याच पोटातून येत होता. पंजाबरावांनी वायर काढून शेजारच्या खाचेत घातली, रिमोटने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेरच्या पेट्यांना दिला, आणि पाची पेट्या एकदम बोलू लागल्या. पाचींवर हात ठेवून झाला. काम चोख झाले. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात कामाचा काही दोष नव्हता.

पवनने खेळ लावला. पहिल्याच मिनिटाला त्यात बॉम्ब फुटला. चहा घेऊन येणाऱ्या वर्षाराणीच्या हातातला ट्रे हिंदकळला. "अगं माय!" म्हणत भागवतची बायको दारातच थबकली. पंजाबराव मागच्या पेटीशी वायर भिंतीला ठोकत बसले होते. पेटी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. त्यांची पापणीही हलली नाही.

पवनने ते पाहिले. काही माणसांची नजर अशा वेळी फार तेज असते.

"भाऊजी, हा बुढा भैरा आहे."

"हट! साउंडवाला भैरा असते काय?"

"दाखवू?" असे म्हणून पवनने अँपचा रिमोट उचलला आणि आवाज बंद करून टाकला. मग गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला, भागवतला त्याच्या मोबाइलवर शूटिंग करायला सांगितले आणि पंजाबरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, एवढं जोडून देलं, आता तुमीच चालवून पाहा गाडी."

पंजाबरावांनी याआधीही गेमची मशीने जोडली होती. पण जोडून झाले की चहा पाजून लोक त्यांना वाटेला लावत. खेळून पाहा असे कोणी म्हटले नव्हते. ते सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. पवनने खेळायचे बटनवाले यंत्र त्यांच्या दोन्ही हातांत दिले आणि कोणते दाबायचे ते दाखवले.

गाडी सुटली आणि पंजाबरावांच्या हातांत थरथर भरली. या यंत्रातच एक लहानशी मोटार असते. गाडी धडकली, घसरली, की ते हातात थरथरते. पंजाबरावांना हे ठाऊक नव्हते. थरथर म्हणजे आवाज, एवढेच त्यांचा तळवा इतक्या दिवसांत शिकला होता. त्यांना वाटले, पेट्या असा काही दणका देत आहेत की तो फरशीतून, सोफ्यातून, अंगातून थेट हातात येतो आहे. कितीतरी दिवसांनी त्यांना ऐकू आल्यासारखे वाटले. त्यांचा चेहरा उजळला.

"कसा आहे आवाज, काका?" पवनने पुढ्यात येऊन विचारले.

"एक नंबर! बेस तर असा आहे, भाऊ, छातीत बसून राह्यला!"

हॉलमध्ये बटनांच्या टकटकीखेरीज कसलाही आवाज नव्हता. भागवतच्या हातातला मोबाइल हसण्याने हलू लागला.

"मागच्या पेट्यायतून येते काय?"

"येते ना! मागून गाडी आली की बराबर मागूनच येते."

आता मात्र कोणालाच आवरले नाही. सगळे हसतात तर खेळात काही गंमत झाली असेल, असे समजून पंजाबरावही हसले, चांगले दात दिसेपर्यंत हसले. पवनने तोंडापुढे रुमाल धरला. "काका, तुमी गधे आहा काय?"

ओठ दिसले नाहीत, पण डोळे प्रश्न विचारत होते. पंजाबरावांनी मान हलवली. "हाव ना, बिलकुल!"

भागवत सोफ्यावर आडवाच झाला. वर्षाराणीने ट्रे खाली ठेवून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पवन तर वाह्यातच, पण मला जास्त राग तिचाच येतो. तिच्या लग्नात माइकची वायर सैल झाली तेव्हा याच माणसाने सगळी मंगलाष्टके होईपर्यंत ती हाताने दाबून धरली होती. तिला ते चांगले आठवत होते. तरी ती हसली.

"बेस जरा कमी करतो," म्हणत पंजाबराव उठले. "शेजारचे वरडतीन."

ते अँपपुढे वाकले. त्याच्या काळ्या काचेत 'म्यूट' ही लाल अक्षरे उघडझाप करत होती.

ते तसेच वाकून राहिले. कधीपासून आवाज बंद आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी बोट पुढे केले आणि बटन दाबले. गाड्यांचा धडाका असा काही फुटला की वर्षाराणीने दोन्ही कान झाकले आणि पवनने रिमोटसाठी सोफा चाचपला. लेकरू आतल्या खोलीत रडू लागले. मधोमध पंजाबराव शांत उभे होते. एकेकाच्या तोंडाकडे पाहत त्यांनी विचारले, "आता?"

पंजाबरावांनी पक्कड, पेचकस, उरलेली वायर पिशवीत भरली. चहा तसाच राहिला.

भागवत दारापर्यंत मागे आला. "काका, मजाक होती. दिलावर घेऊ नका."

"मजाक करा भाऊ. मले गधा म्हना, काही म्हना." त्यांनी भागवतचा हात दोन्ही हातांत धरला. "पन मोहनसिंगले नका सांगू. पाया पडतो तुमच्या."

"नाही सांगत. आईची शपथ," भागवत म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले. तोवर आत सोफ्यावर राहिलेल्या त्याच्याच मोबाइलवरून पवनने तो व्हिडिओ चार ठिकाणी पाठवूनही दिला होता.

पंजाबराव जीपने कारंज्याला परतले तेव्हा दुकानात दिवे लागले होते. गिऱ्हाईक कोणी नव्हते. मोहनसिंग आणि विक्रीवरची दोन माणसे भिंतीवरच्या सगळ्यांत मोठ्या टीव्हीपुढे उभी होती. मोबाइल वायरने टीव्हीला जोडला होता. पेट्यांचा आवाज एवढा चढवलेला, की पंजाबराव आत आलेले कोणालाच ऐकू गेले नाही. टीव्हीवर ते स्वतः होते. माणसापेक्षा मोठे, हातात ते यंत्र धरून मान डोलावत होते.

मोहनसिंगने वळून पाहिले. त्याच्या हातात रिमोट होता, पण त्याने तो दाबला नाही. लहान मुलाशी बोलावे तसे ओठ ताणताणून तो म्हणाला, "पंजाबराव, सांगाले काय झालं होतं तुमाले? उद्यापासून गोडाऊनले जात जा. खोके उचलाले कान लागत नाही."

पंजाबरावांनी मान हलवली. त्यांना शब्द न् शब्द समजला होता.

तेवढ्यात चित्र फाटले, पडदा काळा झाला, पुन्हा आला, पुन्हा गेला. विक्रीवरच्या एकाने मोबाइल हलवून पाहिला. दुसरा म्हणाला, "वायर गेली वाटते."

पंजाबरावांनी पिशवी खाली ठेवली. ते भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत खांदा घालून शिरले, सैल झालेली पिन काढून फुंकली आणि नीट घट्ट बसवली. पडद्यावर चित्र स्वच्छ आले. त्यात पंजाबराव दात दिसेपर्यंत हसत होते.

"आलं काय?" त्यांनी मागून विचारले.

"आलं," मोहनसिंग म्हणाला.

भिंतीकडे तोंड करून, पिनवरचे बोट न काढता पंजाबरावांनी पुन्हा विचारले, "आलं काय?"