बेडकीची साखळी

काशीबाईचा स्वभाव फटकळ. दादरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवस्तीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण बेडकीची साखळी साफ करायला बसली, की तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशी तिची बोटं चालायची.

बेडकी म्हणजे पाण्यात आणि चिखलात, दोन्हीकडे चालणारी गाडी. गिरगावचे कमलाकांत म्हणून एक हौशी, अस्सल मासेखाऊ गृहस्थ होते. त्यांनी लढाईनंतर भंगारात निघालेल्या सामानातून ती वस्तीसाठी जुळवली होती. होडीसारखं अंग, खाली सहा चाकं, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या, बाहेरून उघड्याच दिसणाऱ्या दोन लांब साखळ्या. ओहोटीला होड्या लांब पाण्यात अडकायच्या आणि बायकांना मांडीभर चिखलातून डोक्यावर मासळी वाहावी लागायची. बेडकी आली आणि ते हाल सरले.

गाडी चालवायला सगळे पुरुष पुढे. साखळी घासायचा विषय निघाला तेव्हा मात्र जो तो आभाळाकडे बघू लागला. काशीबाईने ते काम अंगावर घेतलं आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला. होडीच्या फळ्यांना चोपडतात तसं मुशी माशाचं तेल तिने साखळीला सढळ हाताने चोपडलं. त्या चिकट्याला वाळू बसली, साखळी करकर वाजू लागली, आणि वस्तीतली सगळी मांजरं बेडकी चाटायला गोळा झाली. कमलाकांतांनी कपाळावर हात मारला. मग मात्र ती नीट शिकली. गोड्या पाण्याने खार काढायचा, घासलेटने घासायचं, उन्हात वाळवायचं, कडीकडीच्या पोटात पातळ तेलाचा थेंब सोडायचा आणि बाहेरून फडक्याने कोरडं पुसून घ्यायचं.

तरी यंदाच्या शिमग्यात कुणी हौसेने बेडकीवर गुलाल उधळला. तेलात त्याचा चिखल झाला आणि दुसऱ्या सकाळी भर पाण्यात साखळी तुटली. अख्खी मासळी नासली.

आणि आता मे महिन्याची पहिली तारीख. मराठी माणसाचं राज्य झालं होतं. वस्तीचे म्होरके अण्णा चळवळीत तुरुंग भोगून आलेले. त्यांनी फर्मान काढलं, बेडकी मिरवणुकीत लालबागपर्यंत जाणार, आणि आपल्या जोरावर चालत जाणार.

"अण्णा, गुलाल उडंल," काशीबाई म्हणाली. "उद्या पहाटे ओहोटी हाय."

"एक दिस काय होतंय गो? राज्य काय रोज मिलतं?"

काशीबाई गप्प बसली. ती गप्प बसते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे वस्तीने ओळखायला हवं होतं.

दुपारी तिच्या लेकाने, लहूने, इंजिन चालू केलं. ते गरजलं, पण चाकं जागची हलेनात. काशीबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी होती, पाटीवर स्वच्छ धुतलेलं फडकं.

"साखल्या माज्याकडं हायत," ती म्हणाली. "मिरवनूक काढा. पन ओढून."

अण्णा लालबुंद झाले. "लोक हसतील!"

"हसू देत. उद्या चिखलात आपल्याला उतरायचंय, त्यांना नाय."

शेवटी होड्या ओढायचे दोर बांधले, आणि 'होय्या हो'च्या तालावर सगळी वस्ती बेडकी ओढत निघाली. पुढे काशीबाई, पाटीला हात लावू न देता. परळला गिरणीच्या फाटकापाशी तोबा गर्दी होती. तिथून कुणीतरी ओरडलं, "काय रे, पहिल्याच दिवशी बंद पडली काय?"

हशा उसळला. आपल्यापायी आज वस्तीची मान खाली गेली, असं वाटून काशीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अण्णांनी दोर सोडला. ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि घोषणा द्यायच्या त्या खड्या आवाजात म्हणाले, "बंद नाय पडली! साखल्या आमच्या काशीबाईने काढून जपल्यात. राज्य आज मिललं, पन उद्यापासून चालवायचं हाय ना?"

हशा थांबला. गिरणीवाल्यांचा जन्म यंत्रापाशी गेलेला, त्यांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. एक म्हातारा साचेवाला पुढे झाला. "मावशी, बघू तरी."

काशीबाईने पाटी खाली घेतली आणि फडक्याचं टोक उचललं. काळीभोर, तुळतुळीत साखळी. वाळूचा कण नाही. म्हाताऱ्याने वाहवा करत हात पुढे केला, तशी तिने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"लांबून बघ! हात गुलालाचे हायत!"

गर्दीत आरोळी उठली. गिरणीवाल्यांनी धावत येऊन दोर धरले. पुढच्या माणसांनी गुलालाच्या मुठी आवळून पाठीमागे नेल्या आणि पाटीला वाट करून दिली. काशीबाईला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पाटी डोक्यावर घेऊन ती त्या वाटेने लालबागकडे चालू लागली, आणि तिच्या मागून अण्णा ओरडत होते, "सरका, सरका, आमची साखली येतेय!"