पंधरा इंची चाकं

त्या नोव्हेंबरात हेमचंद्रने टायरांचा जेवढा अभ्यास केला, तेवढा पवईला एम. टेक. करताना कुठल्याही विषयाचा केला नव्हता. पिस्कॅटवेच्या त्याच्या अपार्टमेंटमध्ये सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर आणि अगदी बाथरूममध्येसुद्धा गाड्यांची मासिकं पालथी पडलेली असत. रुंद टायर बर्फावर तरंगतो आणि अरुंद टायर बर्फ कापत खाली डांबरापर्यंत पोचतो, उन्हाळी टायरचं रबर थंडीत लाकडासारखं कडक होतं, मागे दोन स्नो टायर लावून भागत नाही, चारही लागतात, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं. लॅबमध्ये कोणी सहज कसं काय म्हणून विचारलं तरी हा बाबा खिळेवाले टायर बरे की बिनखिळ्यांचे, यावर घसरायचा. लोक मग कॉफीचा कप उचलून दुसरीकडे जायचे.

एवढं करून टायर मात्र अजून घेतलेले नव्हते.

गाडी होती लाल पोर्श टर्बो, एका डेंटिस्टने दोन वर्षं लाडाकोडात वापरलेली. हेमचंद्रने ती वसंतात घेतली तेव्हा त्याची बायको पद्मिनी हसून म्हणाली होती की शहाणी माणसं चार दारांची गाडी घेतात. ऑगस्टमध्ये पद्मिनी उत्तरेला, चार तासांवरच्या सिरॅक्यूजला गेली. तिथल्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये तिला वर्षभराची जागा मिळाली होती, आणि न्यू जर्सीत लोकांच्या लघवीच्या बाटल्या तपासून ती विटली होती. त्याने दर शुक्रवारी गाडी काढायची आणि रविवारी परत यायचं, असं दोघांनी ठरवलं. सप्टेंबर-ऑक्टोबर तो वाऱ्यासारखा गेला आणि आला. रस्त्याने झाडं पिवळी-तांबडी झालेली, टर्बोची शिट्टी वाजतेय, वरच्या टोकाला बायको वाट बघतेय. माणसाला आणखी काय हवं असतं?

मग नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी स्क्रॅन्टनच्या पुढे त्याला बर्फ लागला. तसा फार नव्हता, पिठी साखर भुरभुरावी इतपतच. एका वळणावर गाडी मागून सुटली, भिंगरीसारखी फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुणाला काही लागलं नाही, गाडीवर चरासुद्धा उमटला नाही. हेमचंद्र बराच वेळ स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला. गाडीचं तोंड घराकडे होतंच, तसाच तो घरी आला. पद्मिनीला त्याने फोनवर सांगितलं की ऐन वेळी मीटिंग निघाली.

पुढच्या आठवड्यात त्याने खरं काय ते सांगितलं, आणि विंटर टायर घेतल्याशिवाय आता येता येणार नाही असंही सांगितलं. पद्मिनी म्हणाली, घे मग. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती तेच म्हणाली, जरा कमी शब्दांत. थँक्सगिव्हिंगला तर ती नुसतं हं म्हणाली. हेमचंद्रची झोप उडाली. रात्री उठून तो मासिकं चाळायचा, सकाळी दुकानांना फोन लावायचा, माणूस फोनवर आला की आणखी एक शंका काढायचा आणि विचार करून सांगतो म्हणून ठेवून द्यायचा. एका जागी म्हणून त्याला बसवत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी पद्मिनीचाच फोन आला. हॉस्पिटलने तिला कायमची जागा देऊ केली होती. सोमवारी सही करायची होती.

“मला हे फोनवर बोलायचं नाहीये,” ती म्हणाली. “शुक्रवारी ये. समोरासमोर बसून ठरवू.”

येतो म्हणून त्याने फोन ठेवला आणि घरभर येरझारा घातल्या. तिने सही केली की वर्षाचं कायमचं होणार, आणि त्याच्या कामाची एकही कंपनी त्या गावात नव्हती. नाही केली, तर ती परत येणार आणि पुन्हा त्या बाटल्यांपुढे बसणार. त्याला ती परत यायला हवी होती. पण ‘परत ये’ असं तोंडाने म्हणायची त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला असता तर ती आलीही असती, आणि मग तिने जन्मभर त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं ती त्याला आत्ताच दिसत होती. तिने आपण होऊन यावं, आपल्याला काही बोलायलाच लागू नये, एवढंच या पठ्ठ्याला हवं होतं. असा माणूस टायरांचा अभ्यास करणार नाही तर काय करणार?

आता यात पुरुषोत्तमकाका कसे आले, तर आपल्याकडे कुठल्याही गोष्टीत एक काका येतातच. पुरुषोत्तमकाका एडिसनला राहत. अगदी सुरुवातीला आलेल्या मंडळींपैकी ते एक. कुणाचं ग्रीन कार्ड अडलं, कुणाचं तळघर तुंबलं, कुणाला सतार दुरुस्त करून हवी असली, की लोक काकांना फोन करत. हेमचंद्रला टायर मिळत नाहीत हे त्यांना मराठी मंडळाच्या जेवणात कळलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. दुकानात कशाला जातोस, आपला एक माणूस आहे, असं ते म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला: चाकं आणलीत, टायर चढवलेलीच आहेत, उद्या दुपारी गाडी घेऊन ये, तासाभरात मोकळा करतो.

शुक्रवारी हेमचंद्र अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून एडिसनला गेला. पाठीमागच्या सीटवर त्याने कपड्यांची बॅग ठेवली होती. काकांनी आपल्या लांबलचक ओल्ड्समोबिलची डिकी उघडली. चार चाकं एकावर एक रचलेली, टायरांची नक्षी खोल, जवळजवळ नवी. एका पेन्सिल्व्हेनियावाल्याकडून मोठ्या खटपटीने मिळवली, असं काका सांगत होते. हेमचंद्रने वाकून टायरच्या बाजूवरचे आकडे वाचले.

चाकं पंधरा इंची होती. त्याच कंपनीची, पण आधीच्या, साध्या मॉडेलची. टर्बोला ब्रेक मोठे असतात आणि तिला सोळाच्या खाली चाक बसत नाही, हे त्याने किमान तीन मासिकांत वाचलेलं होतं. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते, लहान मुलाला खेळणं देऊन बघावं तसे.

“वा, काका,” हेमचंद्र म्हणाला. “कमाल केलीत.”

काकांनी जॅक लावला. पुढचं डावं चाक काढलं, नवं चाक उचललं आणि लावायला गेले. पाचही भोकं बरोबर जुळली, त्यामुळे काकांना वाटलं, जिंकलं. पण चाक शेवटचं बोटभर आत जाईना. ब्रेकचा जाडजूड कॅलिपर आतून रिमला अडत होता. काकांनी चाक फिरवून पाहिलं, मग दुसरं चाक आणून लावून पाहिलं. मग बैठक मारून ते खालून डोकावले आणि म्हणाले की थोडं घासलं तर बसेल.

“काय घासायचं?” हेमचंद्रने विचारलं.

कॅलिपर, काका म्हणाले. ब्रेकच घासायचा म्हटल्यावर हेमचंद्र हबकला, पण तोंडातून ‘नाही’ निघेना. ज्या माणसाने आपल्यासाठी पेन्सिल्व्हेनियापर्यंत खटपट केली त्याला नाही कसं म्हणायचं? तो नुसता हं हं करत राहिला. काकांनी मग घासण्याचा बेत सोडून मध्ये जाड वॉशर घालण्याचा काढला आणि ते तळघरात वॉशर शोधायला गेले. हेमचंद्र गॅरेजच्या दारात उभा राहिला, आत आला, पुन्हा दारात गेला. आभाळ खाली आलं होतं. रेडिओवर सांगत होते की वरच्या भागात दुपारपासूनच बर्फ चालू आहे. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्याला जरा बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

सरलाकाकूंनी आतून हाक मारली की पोहे होतायत, आणि पद्मिनीला कळव बाबा उशीर होईल म्हणून, ती पोर खिडकीशी बसली असेल. काकूंचा फोन स्वयंपाकघरात भिंतीवर होता, शेगडीपासून हातभर. त्याने पद्मिनीच्या लॅबचा नंबर फिरवला. चाकं बसत नाहीयेत, त्यात बर्फही सुरू झालाय, तेव्हा पुढच्या शुक्रवारी नक्की, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

“कुठून बोलतोयस?” पद्मिनीने विचारलं.

“काकांकडून.”

“म्हणजे काकू तिथेच असतील.”

“हो.”

“मग तू बोलूच नकोस, मी बोलते. मी सोमवारी सही करतेय. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, हेम.”

काकूंचं उलथणं थांबलं होतं. काका हातात वॉशर घेऊन जिन्याच्या दारात उभे होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते. हेमचंद्रला नको करूस, म्हणायचं होतं, किंवा कर पण मला सोडू नकोस, असं काहीतरी. पण काका-काकूंसमोर बायकोशी असं बोलायचं? त्याच्या घरात वडील आईशी चारचौघांत जेवण झालं का यापलीकडे काही बोलले नव्हते.

“बरं,” तो म्हणाला. “ठीक आहे.” येताना दूध आण, असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं म्हणाला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

काका म्हणाले, चला, म्हणजे आता घाई नाही, आपण निवांत बसवू. काकूंनी पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. त्याने एक घास खाल्ला. दुसरा घास घेतला आणि तो तोंडात तसाच राहिला. काका वॉशरच्या जाडीबद्दल काहीतरी सांगत होते. हेमचंद्रने बशी ओट्यावर ठेवली.

“काका, मला न्यूअर्कला सोडता का? बसस्टँडवर.”

काकांना कळेचना. दारात टर्बो उभी असताना बसने कशाला जायचं? अर्ध्या तासात ते वॉशर घालून देत होते.

“ती चाकं बसणार नाहीत, काका. ती पंधरा इंची आहेत. मला डिकी उघडली तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?” काकांचा आवाज चढला.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” तो थांबला. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. “आणि ती बसली नसती तर मला जावं लागलं नसतं म्हणून.”

काकूंनी शेगडी बंद केली. आपण आता इथे जे बोलू ते रविवारपर्यंत आख्ख्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पोचेल, हे हेमचंद्रला पक्कं माहीत होतं.

“काकू, आमचं लग्न मोडायला आलंय,” तो म्हणाला.

काका कसनुसे झाले आणि वॉशर खिशात टाकून कोट शोधायला लागले. काकूंनी मात्र त्याच्या हातात फोन दिला. असा न सांगता तिच्या दारात जाऊन उभा राहू नकोस, आधी विचार, असं त्या म्हणाल्या. मग काकांना दंडाला धरून त्या दिवाणखान्यात घेऊन गेल्या आणि मधलं दार ओढून घेतलं. दार पातळ होतं, पण काकूंना जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं.

पद्मिनीने फोन उचलला. तिचा आवाज रडून झाल्यासारखा होता.

“मी बसने येतोय,” हेमचंद्र म्हणाला.

पलीकडे लॅबमधल्या यंत्रांची घरघर चालू होती.

“बस रोज सुटते, हेम.”

“माहीत होतं मला.”

“माहीत होतं?”

“पहिल्या दिवशी मी बर्फाला घाबरलो होतो. नंतर बर्फाची भीती राहिली नव्हती. तू मला विचारशील आणि मला उत्तर द्यावं लागेल, त्याला मी घाबरत होतो.” तो मोठ्याने बोलत होता, इतका की दिवाणखान्यातलं पुटपुटणं थांबलं. “तू परत यावंस असं मला वाटतं. फार वाटतं. पण मी ते म्हणणार नाही असं ठरवलं होतं. आणि तू तिथे राहावंस, तेही म्हणवत नव्हतं.”

“मी सही करणार आहे,” पद्मिनी म्हणाली. “तू येऊन पाया पडलास तरी करणार आहे. हे काम मला आवडतं. एवढं ऐकूनही यायचं असेल तर ये, नाहीतर उगीच थंडीत हाल करून घेऊ नकोस.”

काकांनी तोवर बाहेर जाऊन ओल्ड्समोबिल सुरू केली होती. हेमचंद्रने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“ऐकूनच येतोय,” तो म्हणाला. “सही झाल्यावर आपण काय करायचं, ते मला माहीत नाही. पण ते मला तिथे बसून ठरवायचंय.”

मग तिने विचारलं, बस इथे कितीला पोचते?

महिनाभर टायर वाचत बसलेल्या माणसाने बसची वेळ एकदाही विचारली नव्हती. “ते मी बघितलं नाही,” तो म्हणाला.

“असू दे,” पद्मिनी म्हणाली. “मी स्टँडवर थांबते.”