अश्विन तिथं नव्हताच

अल्लीपुरात बापूरावांना सगळे वकीलसाहेब म्हणत, आणि ही थट्टा आहे हे त्यांना कधी कळलं नाही. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी त्यांनी अर्धं आयुष्य हिंगणघाटच्या कोर्टात काढलं. शेवटी खटला हरले, धुरा शेजाऱ्याकडे गेला, पण गावाला फुकटचा सल्ला देणारा माणूस मिळाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बापूराव चढले ते उतरलेच नाहीत.

आनंदाबाई त्यांच्याकडे गेली, कारण दुसरं कोणी नव्हतं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिचा एकुलता एक अश्विन. अठरा पूर्ण झाले त्याच उन्हाळ्यात, एका वरातीत, डीजेवरच्या गाण्यावरून त्याची आणि रोशनची जुंपली. दोघं बालवाडीपासूनचे मित्र. अश्विननं एकच ठोसा मारला, पण मनगटातलं कडं रोशनच्या डोळ्यावर बसलं आणि डोळा गेला. जिवे मारायचा प्रयत्न, हे कलम कोर्टात टिकलं नाही. जबर दुखापत केली, हे मात्र शाबीत झालं. आता शिक्षा तेवढी सुनवायची राहिली होती.

“पोरगा एकवीसच्या आतला आहे,” अश्विनच्या वकिलानं कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं. “म्हणून कोर्टानं प्रोबेशनचा अहवाल मागवलाय. प्रोबेशन अधिकारी मॅडम गावात येतील, घर बघतील, लोकांना विचारतील. अहवाल चांगला आला तर तुरुंगात न जाता बंधपत्रावर घरी राहील, त्यांच्या देखरेखीखाली. नाही आला तर आत.” एवढं बोलून तो दुसऱ्या पक्षकारामागे पळाला. चांगला अहवाल म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं.

ते तिनं बापूरावांना विचारलं.

“चांगला म्हणजे काय, वहिनी? पोट्ट्यानं काहीच केलं नाई, असा,” बापूराव म्हणाले. “मॅडम आली का साऱ्यांनी एकच सांगाचं. अश्विन तिथं नव्हताच. एकानं जरी तोंड उघडलं ना, गेला पोट्टा! झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आता गुन्हा झाला की नाही, हे कोर्टानं केव्हाच ठरवलं होतं. ते पुन्हा विचारायला मॅडम येणारच नव्हत्या. पोरगा मुळात कसा आहे, केल्याचा त्याला पस्तावा आहे का, पुन्हा असं करेल का, हे बघायला त्या येणार होत्या. पण ज्याला हे माहीत होतं तो वकील घाईत होता, आणि ज्याला वेळच वेळ होता त्याला ते माहीत नव्हतं.

आनंदाबाई दारोदार फिरली. पदर पसरून एकेकीला म्हणाली, “बाई, तेवढं सांगजो. माहं दुसरं कोणी नाई.” सगळ्यांनी हो म्हटलं. ज्यांनी वरातीत स्वतः दोघांना सोडवलं होतं त्यांनीही हो म्हटलं. गाव करी ते राव न करी, हे काही उगाच नाही म्हणत.

घरात मात्र अश्विन अडून बसला.

“आई, मी मॅडमले खरं सांगतो. मीच मारलं अन् मीच त्याले गाडीवर बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. दुपट्टा डोळ्यावर दाबून धरला होता त्यानं. सारा रस्ता मी रडत होतो.”

“अन् नेलं म्हणजे तू तिथं होता, हे कबूल नाई झालं का?” आनंदाबाई कडाडली. खटला उभा राहिला तेव्हाही बापूरावांनी हेच सांगितलं होतं, म्हणून कोर्टात दवाखान्याचा विषय कोणी काढलाच नव्हता. तिनं पोराचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. “माही शप्पथ हाये तुले. बोलला तर माहं मेलेलं तोंड पाहाशीन.”

अश्विननं हात काढून घेतला आणि तो बाहेर निघून गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

राहिली धुरपता, रोशनची आई. तिचं घर गावाच्या पार टोकाला, नदीकडच्या वस्तीत. आनंदाबाई तिच्या दारात गेली, पण पाऊल आत पडेना. पोराचा डोळा घालवलेल्या घरात काय तोंड घेऊन जाणार? धुरपता तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं, ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

“बाई, ते कोर्टाची मॅडम येऊन राह्यली,” आनंदाबाई म्हणाली. “तुले विचारीन. तू... तू काही सांगू नको.”

“काऊन नाई सांगू? जे हाये ते सांगीन.” एवढंच बोलून धुरपता पुन्हा शेंगांकडे वळली.

आनंदाबाई तशीच परत फिरली. एक डोळा गमावलेल्या पोराची आई काय सांगणार, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. वाटभर तिनं धुरपताला शिव्या दिल्या आणि घरी येऊन स्वतःलाच दिल्या.

मॅडम आल्या त्या स्कुटीवर, एकट्याच. सपना नाव, वय फार नव्हतं. आनंदाबाईनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. मॅडमनी चहा घेतला, घर पाहिलं, अश्विनला समोर बसवलं. आवाजात जरब अशी नव्हतीच.

“अश्विन, त्या दिवसाबद्दल तुला आज काय वाटतं?”

अश्विननं आईकडे पाहिलं. आनंदाबाईचा हात नकळत गळ्याशी गेला.

“मी तिथं नव्हतोच,” तो म्हणाला.

“अरे, कोर्टानं निकाल दिलाय. मी तुला शिक्षा करायला आले नाही. तुझ्या मनात काय आहे, तेवढं सांग.”

“मी नव्हतोच.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मग त्या शेजारी गेल्या. तिथं तेच. पुढच्या घरी तेच. एकीनं तर अश्विन त्या दिवशी गावातच नव्हता असं सांगितलं, दुसरीनं तो तिच्याच ओट्यावर बसला होता असं. बापूराव चौकात खुर्ची टाकून बसले होते, परीक्षेतल्या पोरांवर मास्तरानं नजर ठेवावी तसे.

“रोशनचं घर कुठे आहे?” निघताना मॅडमनी विचारलं. “त्याच्या आईला भेटायचंय मला.”

“ते घरी नाई,” आनंदाबाई बोलून गेली. “सिंदीले गेली, पोरीकडे. रोशनही संगं गेला.”

“फोन नंबर?”

“फोन नाई तिच्याजवळ.”

शेजारणींनी माना डोलावल्या. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि स्कुटी सुरू केली. त्या रात्री कित्येक महिन्यांनी आनंदाबाई पोटभर जेवली. पोराला वाचवलं, असं तिला वाटलं.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशांनी अहवाल वाचून चष्मा काढला. आरोपीला केल्याचा लवलेशही पश्चात्ताप नाही, असं ते म्हणाले. गाव त्याला पाठीशी घालतं, त्यामुळे गावात राहून तो सुधारेल असं दिसत नाही. ज्याचा डोळा गेला त्या कुटुंबाचं म्हणणं मिळू शकलं नाही. चार वर्षं सक्तमजुरी.

आनंदाबाईला आधी कळलंच नाही. सगळ्यांनी तर चांगलं सांगितलं होतं! वकील अपिलाचं काहीतरी बोलत होता, वेळ लागेल म्हणत होता. पोलिसांनी अश्विनला तिच्यासमोरून नेलं. रागावला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “आई, जेवत जाजो.”

गाडी गेल्यावर ती कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली मटकन बसली. बापूराव पाणी आणतो म्हणून गेले ते फिरकलेच नाहीत. तेवढ्यात कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. धुरपता होती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

“काय झालं?”

“चार वर्षं.”

“कशी काय?” धुरपता चिडलीच. “अन् ते मॅडम माह्याकडे काऊन नाई आली? मी कामाले खाडा करून दिवसभर ओट्यावर बसली होती. आज इथंच गाठू म्हणून आली, तं बस लेट झाली.”

आनंदाबाईला आता खोटं बोलायचंही बळ नव्हतं. “घरी नाई म्हणून मीच सांगतलं तिले.”

धुरपता हळूच खाली बसली.

“मी सांगणार होती का याले घरी राहू द्या,” ती म्हणाली. “डोळा गेला त्याचा राग येते मले, अजूनही येते. पण दर तपासणीले रोशनले गाडीवर कोण नेते? तुहाच पोट्टा नेते. आईले सांगू नका म्हणे, ते घाबरते. माह्या पायावर डोकं ठेवून रडला तो, आनंदा. सारं सांगणार होती मी.” तिनं रिकाम्या होत चाललेल्या आवाराकडे पाहिलं. “मंग आता कोणाले सांगू?”

आनंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पोरगा महिनोन् महिने तिच्याच घरातून उठून जात होता, आणि तिला पत्ता नव्हता.

“मले सांग,” ती म्हणाली.