काकांचा बिनचूक नकाशा

मोजणीदार काकांनी गाडी मागे घेताना शेजारच्या दंतवैद्याच्या उभ्या गाडीला ठोकली आणि खाली उतरताच त्याच्यावरच तोंडसुख घेतलं. विम्याच्या अर्जातही त्यांनी बेधडक लिहिलं, की आपली गाडी जागची हललीच नव्हती, दंतवैद्यच येऊन धडकला.

अर्जात अपघाताच्या चित्रासाठी तळहाताएवढी जागा होती. लोक तिथे दोन चौकोन काढून मोकळे होतात. पण जमिनी मोजण्यात हयात गेलेले काका टेप घेऊन रस्त्यावर ओणवे झाले आणि त्यांनी वेगळ्या कागदावर अख्खा नकाशाच काढला.

विमा कंपनीचा तपासनीस आला. दंतवैद्यही हजर होता. तपासनीसाने नकाशावर बोट ठेवलं.

"काका, तुमची गाडी उभी होती ना? मग फाटकापासून हा बाण कसला?"

"मागे घेतली त्याचा!" काका उखडले. "पावणेपाच मीटर! अर्धवट नकाशा मी उभ्या जन्मात दिलेला नाही."

"म्हणजे हे सगळं बरोबर आहे?"

"बोटभर फरक निघाला तर नाव बदलीन."

"मग खाली सही करा."

काकांनी झोकात सही ठोकली आणि दंतवैद्याला सुनावलं, "बघा, काम असं असतं!"

"खरंच," दंतवैद्य म्हणाला. "एक प्रत मिळेल?"

काकांनी खूश होऊन दोन दिल्या.