डाव्या कानाची खाच

ओळखीसाठी उंदराच्या कानाला मारलेली खाच जेमतेम दीड मिलिमीटरची असते. नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण उंदीर हातात धरूनच पाहावी लागते.

वैदेही ती आज चौथ्यांदा पाहत होती. पडेगावच्या प्रयोगशाळेत तिने बारा उंदीर ठेवले होते, सगळ्यांचं यकृत निकामी होत आलेलं. सहांना निरोगी यकृताच्या पेशी टोचल्या होत्या, सहांना नुसतं सलाईन. टोचून झाल्यावर पेशीवाल्यांच्या डाव्या कानाला खाच, सलाईनवाल्यांच्या उजव्या. पेशी रुजल्या तर यकृत पुन्हा वाढणार, उंदीर सावरणार. पण पाच आठवडे वजनं उलटीच येत होती. पेशीवाले वाळत होते आणि सलाईनवाले चांगले गुटगुटीत झाले होते.

चार वर्षांचं काम पाण्यात गेलं, असं तिला वाटू लागलं होतं. हैदराबादच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. होकार की नकार, हे ती दोन महिने ‘उद्या कळवते’वर ढकलत आली होती. आज शेवटची मुदत.

आणि सकाळी हे नवीनच. टोचलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. त्या चमकल्या, पण सलाईनवाल्या उंदराच्या यकृतातून काढलेल्या कणभर तुकड्यात!

“कडुबामामा, खाचा तुम्हीच मारल्या ना?”

“व्हय. म्याच.” प्राणिघराची देखभाल करणाऱ्या कडुबाचं बालपण मेंढरांमागं गेलं होतं. कोकरांच्या कानाला खुणा करण्यात हात बसलेला.

तिने एक उंदीर त्याचं तोंड आपल्याकडे करून धरला. “हा बघा. खाच उजव्या कानाला.”

“डावा हाय की त्यो!”

“उजवीकडं दिसतोय ना?”

“तुमच्या उजवीकडं. मेंढरं पुढं चालत्यात, आमी मागून. डावा म्हंजी जनावराचा डावा. तुमी काय आरशात बघाय लागलाव का?”

वैदेहीने नोंदवहीचं पहिलं पान उघडलं. तिथं तिनेच पट्टी लावून काढलेली आकृती होती: समोरून पाहणारा उंदीर, आणि कागदाच्या डाव्या बाजूच्या कानाखाली सुबक अक्षरात ‘डावा’.

ती मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली.

“एवढं शिकलाव मॅडम,” कडुबा खाणं घालता घालता म्हणाला, “कान तेवढा राहून गेला.”

“मामा, कुणाला सांगू नका हं.”

“छ्या! निस्तं भावकीत सांगतो.”

तिने दोन्ही रकान्यांची नावं खोडून अदलाबदल केली, खाली तारीख घालून सही केली. गुटगुटीत झालेले सहाही पेशीवालेच होते.

फोन वाजला. आई.

“वैदेही, ते लोक संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत. आता पुन्हा उद्या म्हणू नकोस.”

पिंजऱ्यात एक उंदीर पुढच्या दोन पायांत दाणा धरून खात होता.

“नाही म्हणत,” वैदेही म्हणाली. “आई, मी हैदराबादला जात नाहीये. इथेच राहणार आहे.”