उजवी खुर्ची गप्प नव्हती

मी खुर्ची बोलतेय. जेवणाच्या टेबलाची नाही की ऑफिसातली नाही. विमानाच्या कॉकपिटमधली, उजव्या बाजूची. तुम्ही मला टीव्हीवर पाहिलंय. दर आठवड्याला एक विमान कोसळतं ना त्या मालिकेत, त्यात घामाघूम झालेला वैमानिक जिला घट्ट धरून बसतो, ती मी. तो घाम म्हणजे बाटलीतून फवारलेलं पाणी. माझ्या कापडावर त्याचे डाग आहेत. धुतले की जातील. मला बोलायचंय ते न जाणाऱ्या डागाबद्दल.

आधी माझं खरं आयुष्य ऐका, मग खोटं सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हाच माझी बाजू ठरलेली होती. डावीकडची खुर्ची कॅप्टनची, उजवीकडची सहवैमानिकाची. मला रुळावर बसवलं, पट्टे लावले, आणि मी उडायला लागले. माझ्यावर बहुतेक तरुण पोरंपोरी बसायची. बसल्या बसल्या खटका ओढून मला पुढे सरकवायची, पाठ टेकवायची आणि समोरच्या काट्यांकडे बघायची. डावीकडे काही कॅप्टन फार चांगले होते. काही मात्र असे, की केस पांढरे झाले म्हणजे आपोआप अक्कलही आली असं समजणारे. एकजण तर माझ्यावरच्या पोराला सांगायचा, "मी विचारलं की बोलायचं." पोरगं मान डोलवायचं. मला ती मान कधीच आवडली नाही.

पण आमच्यात एक रीत होती आणि ती कुणालाच चुकायची नाही. धावपट्टीवर विमान धावायला लागलं, वेग ठरलेल्या आकड्यावर आला, की एकानं तो आकडा मोठ्यानं बोलायचा. दुसऱ्यानं स्वतःच्या समोरच्या काट्याकडे बघायचं आणि जुळत असेल तरच म्हणायचं, "बरोबर." डावीकडे वेगळा काटा, उजवीकडे वेगळा. दोन माणसं आणि दोन काटे कशासाठी ठेवतात, तर एक खोटं बोलला तर दुसऱ्याला कळावं म्हणून. इतकी साधी गोष्ट आहे.

विमान म्हातारं झालं तसं त्याला भंगाराच्या मैदानात नेऊन उभं केलं. माझी डावी जोडीदारीण एका हौशी माणसानं दिवाणखान्यासाठी उचलली. मी उरले. मग मालिकेच्या कलाविभागाचे लोक आले आणि मला घेऊन गेले.

स्टुडिओत माझ्याभोवती प्लायवूडचं कॉकपिट ठोकलं. पूर्ण नाही, अर्धंच. खुर्ची एकच ना. मग डावीकडचा कॅप्टन कुठं बसवायचा? त्याचीही युक्ती काढलेली आहे. कॅप्टनलाही माझ्यावरच बसवतात. त्याचा बिल्ला उलट्या बाजूला लावतात, घड्याळ दुसऱ्या हातात घालतात, समोर उलट्या आकड्यांचा कागद चिकटवतात आणि नंतर चित्र आरशात दिसावं तसं फिरवून टाकतात. झाली डावी बाजू तयार. विमान हलवायचं असलं की चारजण खालून फळी हलवतात आणि दिग्दर्शक स्वतःच्या खुर्चीत रेलून म्हणतो, "वादळ कमी पडतंय, अजून द्या."

सगळ्या भागांतले कॅप्टन एकच ज्येष्ठ नट करतो. सेटवर त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात. खऱ्या विमानात बसायची त्याला भीती वाटते, बाहेरगावी जायचं तर गाडीनं जातो. एक सल्लागारही आहे, निवृत्त वैमानिक. चहा पिणं आणि मान हलवणं हे त्याचं काम. सहवैमानिक मात्र दर भागाला नवा, जो मोकळा सापडेल तो.

आता त्या भागाचं सांगते.

खरा अपघात असा होता, माझ्या नव्हे, दुसऱ्याच विमानाचा. विमान ढगात चढत होतं. डावीकडच्या काट्याला वेग कळवणारी बाहेरची नळी बर्फानं बुजली. त्यामुळे कॅप्टनचा काटा वाढतच गेला. वेग फार झाला असं समजून तो विमानाचं नाक वर करत राहिला, वेग कमी व्हावा म्हणून. खरा वेग आधीच कमी होता. उजवीकडचा काटा ते दाखवतही होता. सहवैमानिक दोनदा बोलला. पण वेळ उरला नव्हता. चौकशीच्या अहवालात हे सगळं छापलंय, कुणीही वाचावं.

आमच्या मालिकेत काय लिहिलं होतं? सहवैमानिक थिजतो. हात थरथरतात. डोळ्यात पाणी. आणि वरून निवेदकाचा भारदस्त आवाज, "या निर्णायक क्षणी सहवैमानिक गप्प राहिला."

त्या सहवैमानिकाच्या धाकट्या बहिणीला मुलाखतीसाठी बोलावलं होतं. भागाच्या शेवटी तिनं भावाची आठवण सांगायची, रडू आलं तर उत्तमच. ती लवकर आली आणि मागे उभी राहून तालीम बघू लागली. निवेदन ऐकलं तशी पुढे आली.

"सर, माझा भाऊ गप्प नव्हता. 'कॅप्टन, माझा काटा कमी दाखवतोय. नाक खाली घ्या.' हे दोनदा म्हणालाय तो."

दिग्दर्शकानं आवाज मऊ केला. "हे बघ बाळा, तुझं दुःख मी समजू शकतो."

"मी दुःखाचं बोलत नाहीये, सर. काट्याचं बोलतेय."

"अगं, पण काटे दोन्हीकडे सारखेच आहेत की." त्यानं शॉट दाखवणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

ती एकदा पडद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "सारखे असणारच. काटा एकच आहे. तोच आरशात दाखवताय."

सेटचा सुतार मागून म्हणाला, "दुसरा कागद लावू का? चहा होईस्तोवर होऊन जाईल." दिग्दर्शकानं नुसतं बघितलं, तसा सुतार चहाकडे वळला.

"दोन काटे, दोन आकडे, लोक गोंधळतात," दिग्दर्शक म्हणाला. "लोकांना कोण चुकलं ते कळायला हवं."

"आणि कुणी चुकलंच नसेल तर? बर्फ होता नळीत."

"बर्फाला क्लोजअप नाही देता येत."

ज्येष्ठ नटालाही बोलल्याशिवाय राहवेना. "मी कॅप्टन एका उंचीवर नेऊन ठेवलाय. त्याला पोरानं शिकवायचं, हे बसत नाही त्यात."

"तुमच्या कॅप्टनला वाईट दाखवा असं मी कुठं म्हणतेय? त्यांचा काटा त्यांना फसवत होता. समोर दिसलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. तेही खरंच आहे. तेही येऊ द्या ना."

मग ती सल्लागाराकडे वळली. "काका, तुम्ही शिकवलंय त्याला. आमच्या घरी येऊन जेवलायत. तुम्ही तरी सांगा."

काकांनी कप खाली ठेवला. "सांगितलं असतं गं. पण टीव्हीवर एवढंतेवढं चालतं."

"तो तिथं वर बोलला. तुम्हाला जमिनीवर बसून बोलवत नाही?"

काकांनी कप परत उचलला. असे काका मी खूप पाहिलेत. आयुष्यभर पोरांना तोंड बंद ठेवायला शिकवतात आणि मग 'पोरगं गप्प होतं' असा भाग काढणाऱ्यांना मान हलवून दाखवतात.

ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आईला तो जाडजूड अहवाल झेपत नाही. ती हेच बघणार आहे. मामा आत्ताच विचारतो, एवढा शिकलेला पोरगा, तोंड उघडता आलं नाही का म्हणून. उद्या तुमचं बघून सगळेच विचारतील. आईनं काय सांगायचं?"

"ब्रेकनंतर बोलू," दिग्दर्शक म्हणाला. ब्रेकनंतर तो बोलला नाही.

तेव्हा माझ्यावर पट्टे बांधून या भागातला सहवैमानिक, एक नवा नट बसला होता. त्यानं तिला जवळ बोलावलं. "कसं म्हणाला होता? ओरडून?"

"नाही. कॉकपिटमधली टेप ऐकलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं आम्हाला, आवाज चढलाच नव्हता. आई, पाणी दे म्हणावं तसं."

शॉट सुरू झाला. फळी हलली, धूर आला, पाणी फवारलं. माझ्या पाठीला त्याची पाठ टेकलेली होती, ती सुटली नाही. समोर बघत तो शांतपणे म्हणाला, "कॅप्टन, माझा काटा कमी दाखवतोय. नाक खाली घ्या."

"कट. स्क्रिप्ट वाचलीस का तू?"

"वाचली. आत्ता अहवालपण चाळला."

परत घेतला. परत तेच. त्यानंतरही तेच.

"तुला पुढं काम नकोय वाटतं."

"काम हवंय की, सर. हे नको."

दिवस संपत आला होता, दुसरा नट मिळायचा नव्हता. दिग्दर्शक थकून म्हणाला, "राहू दे. आवाज बंद करू आणि वर निवेदन टाकू." बहिणीची मुलाखतही घेतली. तिनं त्यातही ती दोन वाक्यं सांगितली. वाक्यं कापली, आणि बहीण नाक पुसते तेवढंच ठेवलं.

भाग दाखवला गेला. वर मोठ्या अक्षरात 'सत्य घटनेवर आधारित'. कलाविभागाच्या टीव्हीवर मीही पाहिला. निवेदक म्हणत होता गप्प राहिला, आणि माझ्यावरच्या पोराचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण स्टुडिओत हजर.

"काल सगळे जमले होते आमच्याकडे," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "तुमचा निवेदक म्हणाला गप्प राहिला, आणि आई म्हणाली, अगं, बोलतोय की तो. ओठ बघ. मामानं मागं घेऊन परत लावलं. मग आईनं विचारलं, काय बोलतोय? मी सांगितलं. मामा उठून आत गेला."

"ओठ कोण बघतं?"

"आईनं बघितले. पुढच्या महिन्यात तुम्ही हा भाग परत दाखवणार आहात. त्याच्या आधी त्याचा आवाज परत घाला आणि ते गप्पवालं वाक्य काढा. तोवर मी रोज येणार."

"इथं बसायला जागा नाही, बाळा."

"आहे," ती म्हणाली. प्लायवूडच्या त्या अर्ध्या कॉकपिटमध्ये शिरली, खटका ओढून मला पुढे सरकवलं, पाठ टेकवली आणि बसली. खटका कुठं आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

तेव्हापासून ती रोज येते. दिग्दर्शक तिला टाळायला मागच्या दारानं आत येतो. काका आता चहा बाहेर पितात. शूटिंग असलं की ती उठते, संपलं की परत बसते. आवाज अजून घातलेला नाही.

माझं कापड विरलंय, एका बाजूचा स्पंज बाहेर आलाय. कधीतरी मला मागच्या अंगणात फेकून देतील. देऊ देत. तुम्ही घरी बसून विमान पडताना बघता, वाटीतलं खात खात ठरवून टाकता कोण भित्रा आणि कोण नालायक. पुढच्या वेळी एवढं करा. निवेदकाचा आवाज बंद करा आणि उजवीकडच्याचे ओठ बघा.

आणि मालिकावाल्यांनो, तुम्ही आकडा मोठ्यानं वाचत राहा. माझा काटा वेगळं दाखवतोय. उजवीकडून तुम्हाला 'बरोबर' ऐकू येणार नाही.