कड पुसायची नाही

“धाकटी होय? ती कशाची कड पुसतेय! तोंडातून शब्द निघत नाही तिच्या, हात कुठला निघायला!”

आत्याबाई हे सासूबाईंना म्हणाल्या. नाताळच्या आधी एकदा येऊन गेल्या तेव्हा, बोळात उभ्या राहून, आणि आपल्या मते अगदी हळू. धाकटी सून तेव्हा स्वयंपाकघरात, कपाटाच्या उघड्या दाराआड स्टुलावर बसून मला घासत होती. लग्नातल्या भेटींची खोकी अजून तिच्या पलंगाखाली न उघडता पडलेली, इतकी ती नवी. तिचा हात थांबला. मग तिने माझा डावा कान असा काही रगडला, की कित्येक वर्षांचं किटण निघालं आणि मला स्वतःचाच चेहरा दिसायला लागला.

मी करंडक बोलतोय. कपाटात बसून मिरवणारा नव्हे, कामाचा. या घरात नाताळच्या दिवशी सगळे माझ्यातून प्यायचे, आणि वर्षानुवर्षं जे काही होत आलं त्याचं खापर हवेवर, केकवर, जागरणावर फुटत आलं. मला कुणी विचारलं नाही. आज न विचारता सांगतो.

माझं घराणं काही थोर नाही. पितळेचा पत्रा, फिरत्या साच्यावर दाबून काढलेलं पोट, डाग देऊन चिकटवलेले दोन कान आणि वरून चांदीचं पाणी. माझी भावंडं कुस्तीला गेली, फुटबॉलला गेली. मी गेलो एका कुलपांच्या कारखान्यात, वार्षिक खेळांसाठी. तिथे किल्ल्यांना कानस मारणाऱ्या एका कामगाराने मला जिंकलं. स्पर्धा होती सावकाश सायकलची. पाय टेकला की बाद, आणि सगळ्यांच्या शेवटी पोचेल तो पहिला. माणसांच्या साऱ्या शर्यतींत मला ही एकच शहाणपणाची वाटते.

हे धाकटीचे आजेसासरे. बाकीचीही नाती तिच्याच बाजूने सांगतो, म्हणजे गोंधळ नको.

त्या वर्षी नाताळला आजोबांकडे पाहुणे इतके झाले की पेले पुरेनात. द्राक्षाचा रस लवंग-दालचिनी घालून गरम केलेला, आणि ओतायचा कशात? आजोबांनी मला फळीवरून काढलं, धुतलं, काठोकाठ भरलं. “घ्या, विजेत्याच्या हातचं!” हशा पिकला. मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरू लागलो. एका नव्या जावयाने पिण्याआधी रुमालाने माझी कड पुसली, तशी आजी पटकन म्हणाली, “पुसलीत? म्हणजे आम्ही परके झालो की!”

थट्टाच ती. पण थट्टेचा कायदा व्हायला या घराला एक वर्ष पुरलं. पुढच्या नाताळला सगळे एकमेकांना बजावत होते, “कड पुसायची नाही हं!” त्यापुढच्या वर्षी बजावणंसुद्धा लागलं नाही. सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने पहिला घोट घ्यायचा आणि सगळ्यांत नव्या सुनेने शेवटचा. घरात तान्हं असेल तर तिनेच आपलं बोट रसात बुडवून त्याची जीभ ओली करायची. आजी गेली, जावई म्हातारा झाला, कायदा मात्र ठणठणीत राहिला.

माणसांची मला गंमत वाटते. भाजी तीन पाण्यांतून काढतील, दुकानदाराने शिंकून दिलेली पिशवी अंगणातच झटकतील, रस्त्यावर कुणी खोकला तर पलीकडच्या बाजूने जातील. आणि मग घरात येऊन साऱ्या गोतावळ्याच्या तोंडचं एका काठावरून पितील. का, तर “घरच्या घरात उष्टं कसलं?”

याला जोडीचा आणखी एक शब्द या घरात आहे. कणकण. इथे कुणालाही कधी ताप येत नाही, कणकण असते. अंग भट्टीसारखं पेटलं तरी कणकण. दात वाजायला लागले तरी, “काही नाही गं, जराशी कणकण आहे, केक कापा तुम्ही.” दवाखान्यात भरती होईपर्यंत कणकणच, आणि त्यापुढे मग सगळे एकदम गप्प.

आजोबा असेच गेले. नाताळला थोरला नातू कणकण घेऊन आला होता, आजोबांनी पहिला घोट घेऊनही त्याच्या मागोमाग हौसेने माझ्यातून आणखी एक घेतला. नवं वर्ष लागलं तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस अंथरुणात होतं. बाकीचे उठले. “वय झालं होतं,” असं सगळे म्हणतात. असेल. मी डॉक्टर नाही, करंडक आहे. पण मी तिथे होतो.

तर गेल्या नाताळचं सांगतो. तेव्हा घरात तान्हं होतं. थोरल्या सुनेचा मुलगा, दिवस भरण्याआधीच घाईने आलेला, इतकुसा, म्हणून त्याला सगळे वाटाणा म्हणायचे. दवाखान्यातून त्याला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बजावलं होतं, “याची छाती कच्ची आहे. साधी सर्दीसुद्धा याला परवडायची नाही.” मुलाला दोन दुपट्यांत गुंडाळून ती हॉलच्या कोपऱ्यात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाकडे बघायची.

आणि आत्याबाई आल्या. सासऱ्यांची थोरली बहीण. आजोबांनंतर पहिल्या घोटाचा मान त्यांचा. आवाज असा, की त्या दारात हाका मारायच्या आणि शेजारी दार उघडायचे. या खेपेला मात्र दारात नुसतंच “आले” म्हणाल्या. त्यांची पिशवी घेताना धाकटीचा हात त्यांच्या हाताला लागला. तिने वर बघितलं. आत्याबाईंनी नजर चुकवली आणि स्वयंपाकघरात येऊन, कौतुकाने बघायचं म्हणून मला उचललं.

धातूला दुसरं काही कळत नसेल, हाताची ऊब कळते. तो हात उबदार नव्हता, पोळत होता.

सगळे बाहेर झाडाला दिवे लावत होते तेव्हा आत्याबाई मोरीपाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून, डोळे मिटून. स्वतःच्याच अंगाला सांगत होत्या, “एक दिवस. एक दिवस धड राहा गं बाई. मग काय पडायचं ते पड.” वर्षभर त्या एकट्या राहतात. वर्षातून एकदा कुणीतरी त्यांना “आधी तुम्ही घ्या” म्हणतं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. दाराआड उभी असलेली धाकटीही नसावी, कारण तिने गुपचूप पाणी गरम करून त्यांच्यापुढे ठेवलं. आत्याबाई दचकल्या, म्हणाल्या, “कणकण आहे नुसती. बोलू नकोस कुणाला.”

धाकटी बोलली. आधी नवऱ्याशी. तो झाडाच्या दिव्यांचा गुंता सोडवत होता.

“आत्यांना ताप आहे. रस वेगवेगळ्या कपांत देऊ या का?”

“तू नवी आहेस. तू यात पडू नकोस.”

“मग तुम्ही पडा.”

“मी? त्यांनी मला अंगाखांद्यावर वाढवलंय गं! आणि दरवर्षी कुणी ना कुणी खोकतंच.”

मग ती थोरलीकडे गेली. थोरलीचे डोळे पाण्याने भरलेच होते. “तूच काहीतरी कर ना! मी बोलले तर आई म्हणतील, पोराचं निमित्त करून माणसं तोडते. तू नवी आहेस, तुला माफ करतील.”

पाहिलंत? एकच नवेपण. एकाच्या मते त्याने तोंड शिवायचं, दुसरीच्या मते उघडायचं.

शेवटी सासूबाई. धाकटीने ट्रेमध्ये कप मांडायला घेतले होते.

“हे काय मांडलंयस?”

“म्हटलं, ज्याला त्याला वेगळं...”

“चहाचं दुकान आहे का आपलं? ठेव आत ते.” मग जरा नरमून, “अगं, मलाही कळतं. पण त्यांना तसं म्हणायचं कुणी? मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्यापुढे मान वर केलेली नाही.”

धाकटीने कप आत ठेवले. मला वाटलं, संपलं. हिनेही टेकला पाय, झाली बाद.

जेवणं झाली, प्रार्थना झाली. टेबलावर पांढरं कापड, भोवती सगळे उभे. धाकटीने किटलीतून माझ्यात रस ओतला, वाफा निघाल्या. आत्याबाईंनी मला दोन्ही कानांनी उचललं. घोट घेतला आणि त्याच क्षणी त्यांना ढास लागली. तोंड बाजूला करायलाही वेळ मिळाला नाही, सगळी ढास माझ्या पोटात. सासरे छताकडे बघू लागले. नवऱ्याने दिव्यांकडे बघितलं. थोरलीने वाटाण्याला छातीशी घट्ट धरलं.

“जराशी कणकण,” आत्याबाई म्हणाल्या आणि मला सासऱ्यांकडे सरकवलं.

मी पोचलो नाही. माझा एक कान धाकटीने धरला होता.

“अगं, तुझी पाळी शेवटी.”

धाकटीने सोडलं नाही. आत्याबाईंनी ओढलं. धाकटीनेही ओढलं. मला दोन कान का दिलेत ते मला त्या दिवशी कळलं. ते दोघींच्या हातांत पिळले जाण्यासाठी. रस हिंदकळला, पांढऱ्या कापडावर भला मोठा जांभळा डाग पडला, “कापड! कापड!” असं सासूबाई ओरडल्या, आणि मी सुटलो. टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून फरशीवर. ठण्! सगळा रस सांडून गडगडत झाडाखाली गेलो. माझ्या पोटाला पोचा आला. इतकी वर्षं ज्याची कड कुणी पुसली नव्हती, तो मी त्या दिवशी चक्क रिकामा झालो. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तो पोचा अजून आहे. दुरुस्त करू दिलेला नाही. कारागिराने दोनदा हातोडी लावली, मी तसूभर हललो नाही. आता मी हॉलमधल्या कपाटावर असतो. माझ्यात अक्रोड भरून ठेवतात, ज्याने त्याने मूठ भरून घ्यावेत. वाटाणा बसायला लागलाय आणि दात शिवशिवतात म्हणून माझा वाकडा कान चावतो. धाकटी आधी तो गरम पाण्याने धुऊन देते. आत्याबाई कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मग मध्येच एकदा, यायच्या आदल्या दिवशी, त्यांचा फोन आला. “ऐक, मला ताप आहे. येऊ का बरी झाल्यावर?” असं त्यांनी विचारलं, आणि तेही धाकटीलाच. फोन ठेवल्यावर धाकटी हसत नव्हती, पण भांडी फार सुरात घासत होती.

म्हणून तुम्हा लोकांना विनवत नाही, बजावतो. मी भांडं आहे. माझ्यात ओताल ते मी पुढच्याला देतो. प्रेम आणि खोकला निवडून वेगळे करायला मला चाळणी लावलेली नाही. पोरांना कडेवर घ्या, हवं तेवढं घ्या, पण अंग तापलेलं असेल तर लांबून हात हलवा. आणि ‘आमच्यात असंच असतं’ हे माझ्या नावावर खपवू नका. मी सायकलच्या शर्यतीचा करंडक होतो. कायदा तुम्ही केलात.

राहिलं काय, तर ती त्या दिवशी काय बोलली ते. मी झाडाखाली आडवा पडून ऐकलं, जसंच्या तसं सांगतो आणि गप्प होतो.

कापडाचा डाग पसरत होता. सासूबाई म्हणाल्या, “केलंस काय हे! सणाच्या दिवशी!” आत्याबाई खुर्चीत बसल्या, ओठ दाबून. “मला परकी केलंस,” एवढंच पुटपुटल्या. नवरा म्हणाला, “जाऊ द्या आत्या, ती नवी आहे, चुकून...”

“चुकून नाही,” धाकटी म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीत दुसरा नव्हताच. “मुद्दाम धरलं. आत्यांना ताप आहे. सगळ्यांना माहितीय, सगळे छताकडे बघतायत. परकं मी कुणाला करत नाही. आत्या, तुम्हाला कुणी आतल्या खोलीत टाकणार नाही. तुम्ही इथेच त्या आरामखुर्चीत, पांघरूण घेऊन, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं. पेज मी देणार, रात्री उशाशी मी बसणार. पोर आत जाईल, थोरल्या वहिनींबरोबर, दार लावून. रागवायचं तर माझ्यावर रागवा, माहेरी पाठवायचं तर उद्या पाठवा, आज मला सवड नाही. बघत काय उभे राहिलात सगळे? ती खिडकी उघडा कुणीतरी!”